लाल खोलीतला निकाल

१

कागदाचं पाकीट गेलं, असं मालकांनी जाहीर केलं तेव्हा चव समितीचे चारही सदस्य आपापल्या कप्प्यात बसून चूळ भरत होते. त्यामुळे शोक व्यक्त करायला कोणाचंच तोंड मोकळं नव्हतं.

बिस्किटांच्या त्या कारखान्यात गेले कित्येक महिने एकच वाद चालू होता. बिस्किटं नेहमीच्या चकचकीत फॉइलमध्ये भरायची, की मालकांच्या सुनेने तयार केलेल्या कागदी पाकिटात? फॉइल म्हणजे प्लास्टिक, त्यावर ॲल्युमिनियम, त्यावर पुन्हा प्लास्टिक. या तिघांना असं घट्ट चिकटवलेलं असतं की नंतर ते कोणाच्या बापाला वेगळे करता येत नाहीत. वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, कुजत नाहीत, आणि जाळले तर सगळ्या गल्लीला खोकला लागतो. बिस्किट दोन घासांत संपतं आणि वेष्टन नातवंडांच्या नातवंडांना पुरतं. सूनबाईच्या पाकिटात नुसता कागद होता आणि आतून वनस्पतींपासून काढलेला पातळ लेप. रद्दीत टाका, मातीत टाका, ते निमूटपणे नाहीसं होई. निमूटपणे नाहीसं होण्याचा हा गुण सासरच्यांना खरं तर सुनेत हवा होता. तो तिच्या पाकिटात निघाला.

मोठ्या दुकानसाखळीची खरेदी पाहणारी बाई आज मुद्दाम आली होती आणि मालकांच्या केबिनमध्ये बसली होती. प्लास्टिकबंद माल ती यापुढे घेणार नव्हती, पण मऊ पडलेलं बिस्किटही तिला नको होतं. म्हणून फॉइलमधली आणि कागदातली बिस्किटं तिने महिनोन्‌महिने दमट खोलीत ठेवायला लावली होती, स्वतःचं सील ठोकून. आज त्यातली काही पाकिटं तिच्यासमोर फोडली, नावं लपवून चौघांना बिस्किटं खायला दिली आणि निकाल लागला. एक बिस्किट उत्तम. दुसऱ्याला चौघांनीही नाक मुरडलं. ते दुसरं कागदातलं होतं.

"पुन्हा एकदा चाखून बघा ना, बाबा," सूनबाई मालकांना म्हणाली. "सील केलेली पाकिटं अजून शिल्लक आहेत."

"निकाल आवडला नाही म्हणून दुसरी परीक्षा नाही, हे त्या बाईंनी आधीच सांगितलंय. पहिल्या चाचणीत खोट निघाली तरच दुसरी. आणि तू मान डोलावली होतीस."

तिने मान तर डोलावली होतीच, वर जेवणाच्या टेबलावर असंही म्हणून बसली होती की हरले तर कागदी पाकिटांचं नवं यंत्र परत पाठवा आणि मीही कारखान्यात पाऊल टाकणार नाही. आमटीत मीठ नाही हे ज्या घरात आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नसे, त्या घरात हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ झालं होतं. घरी तिच्यासाठी हवेशीर खोली होती, मऊ गादी होती आणि दिवसभर करायला काहीही नव्हतं. त्या खोलीचं दार आता तिला स्पष्ट दिसू लागलं.

"मग खोट निघेल," ती म्हणाली. "कोणीतरी हातचलाखी केलीय. माझ्या पाकिटातल्या बिस्किटाला असा वास येऊच शकत नाही."

मालकांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा केबिनच्या काचेकडे. मग त्यांनी चवीच्या खोलीचं जाड दार बाहेरून ओढून घेतलं आणि कडी घातली.

"ताई," दारातल्या गोल काचेला तोंड लावून ते आतल्या आपल्या थोरल्या बहिणीला ओरडून म्हणाले, "त्या बाईची गाडी यायच्या आत काय ते शोध. तोवर कोणी बाहेर येणार नाही."

२

चवीच्या खोलीत कोंडलं जाणं ही साधी गोष्ट नाही. त्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या कडेने रबर बसवलेलं आहे, बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून. छतातल्या जाळीतून गाळलेली हवा येते, तिला कसलाच वास नसतो. असली हवा थोडा वेळ घेतली की आपण आजारी असल्यासारखं वाटायला लागतं. भिंतीला लागून चार कप्पे, प्रत्येकात एक स्टूल, एक पेला आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आणि दिवा लाल. बिस्किट करपलेलं आहे की पांढुरकं, हे रंगावरून ओळखून कोणी चवीबद्दल मत बनवू नये म्हणून चाखणाऱ्यांना लाल उजेडात बसवतात. त्या दिव्याचं बटणही बाहेर. आत बसलेल्या माणसाच्या हातात फक्त पेन्सिल.

समितीतली सर्वांत जुनी जीभ आत्याबाईंची. मालकांच्या या थोरल्या बहिणीने सारी हयात विमा कंपनीत काढली होती. जळालेली दुकानं आणि बुडालेल्या होड्या बघायला जायचं आणि त्या कशा जळाल्या, कशा बुडाल्या हे मालकाला गोड बोलून विचारायचं, हे त्यांचं काम. त्यांच्याशी पाच मिनिटं बोलल्यावर कित्येक दुकानदारांना आपलं दुकान जळालंच नव्हतं असं वाटू लागे. निवृत्त झाल्यापासून त्या बिस्किटं चाखत आणि घरच्यांची मनं राखत. दोन्हींत खरं बोलायची सोय फक्त पहिल्या कामात होती.

दुसऱ्या कप्प्यात फॉइलवाला. कारखान्याला फॉइलची रिळं हाच पुरवी. नाक इतकं तल्लख की समिती स्थापन झाल्यापासून तो तिच्यात होता, आणि आपल्या धंद्याचं बरंवाईट इथे ठरतं हे कोणाला गैर वाटलं नव्हतं, कारण तो येताना सगळ्यांसाठी गप्पा घेऊन येई.

तिसऱ्या कप्प्यात पॅकिंगचे मास्तर. जुनं फॉइलचं यंत्र त्यांच्या ताब्यात. यांनी एकदा लाल पेनने शेरे लिहिले होते. लाल उजेडात लाल शाई कागदावर दिसतच नाही, तेव्हा पेन चालत नाही असं समजून त्यांनी एकाच ओळीवर तीनदा लिहिलं, आणि तेव्हापासून दोरीची पेन्सिल आली. समितीतले जुने लोक अजून त्यांना "मास्तर, शाई भरली का?" असं विचारत.

चौथा कप्पा एरवी हिशेबनिसांचा. त्यांना सर्दी झाली म्हणून आज तिथे मालकांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, पहिल्यांदाच बसला होता. कारखान्यात त्याला छोटे मालक म्हणत. आत्याबाई त्याला सोन्या म्हणत, आणि तो चाळिशीला आला तरी हाक ऐकून सरळ बसे.

"चला," आत्याबाई स्टूल फिरवून म्हणाल्या. "आता आपल्यात चोर कोण, ते हसतखेळत ठरवू."

कोणी हसलं नाही. त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे आधीपासून पकडले गेल्यासारखे दिसत होते.

३

"ताई, थेट विचारा," फॉइलवाला रुमालाने मान पुसत म्हणाला. "संशय माझ्यावरच येणार. आणि यावाच. कागद हरला की पुढची कित्येक वर्षं फॉइल माझीच. करारनामा बॅगेत आहे, मालकांनी सही करायची तेवढी बाकी."

"बॅग बरोबर घेऊन आलास? निकालाआधीच?"

"मला निकाल माहीतच होता की! कागद तो कागद. दमट खोलीत महिनोन्‌महिने ठेवला तर काय होणार? ताई, मी हरामखोर असेन, पण बिनकामाचे कष्ट करणारा नाही. जो आपणहून पडणार आहे त्याला ढकलायला मी कशाला उठू? माझे गुडघे दुखतात."

"तू पाण्यासाठी उठला होतास. खिडकीपाशी."

"सगळेच उठले होते. पेले तिथेच ठेवलेले असतात ना!"

खिडकी म्हणजे चवीची खोली आणि शेजारची लॅब यांच्यामधल्या भिंतीतलं कपाटाएवढं भोक, दोन्हीकडून दार असलेलं. लॅबच्या बाई तिथून चाखायची बिस्किटं सरकवत. आज सकाळी पाकिटं फोडल्यावर बाईंनी सारी बिस्किटं झाकणाच्या दोन पांढऱ्या डब्यांत काढून त्या खिडकीत ठेवली होती. दोन्हींचं तापमान सारखं व्हावं म्हणून ती तिथे थोडी बसू द्यायची आणि मग छोट्या वाट्यांत मांडायची, अशी पद्धत. डबे तिथे बसलेले असताना चौघेही आत जमले होते, आणि चौघांनीही तिथून पाणी घेतलं होतं.

आत्याबाई मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, कागदाचं यंत्र सुरू झालं तर तुमचं काय?"

"माझं काही नाही हो, आत्याबाई. माझ्या माणसांचं. नवीन यंत्राला निम्मी माणसं पुरतात. मी चार जणांच्या घरी जाऊन काय सांगू?" मास्तर स्टुलावर अवघडून बसले होते. "राग होता मला त्या पाकिटाचा. खोटं कशाला बोलू? पण मी निवांत होतो. हे काही टिकत नाही, असं मी माझ्या माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं. काल तर आम्ही भजनी मंडळासारखे टाळ्या वाजवत घरी गेलो."

"म्हणजे कागद जिंकेल असं तुम्हालाही वाटलं नाही?"

"कोणाला वाटलं होतं?" मास्तरांनी प्रामाणिकपणे विचारलं.

फॉइलवाल्याने मान हलवली. छोटे मालक पेल्यात पाहत राहिले.

आत्याबाईंच्या मनात एक गोष्ट हळूच जागेवर बसली. कागद हरणार याची ज्यांना खात्री होती, त्या शत्रूंना काही करायची गरजच नव्हती. मग हातचलाखी केली कोणी? त्यांनी ओठ पुसले आणि उठून खिडकीचं आपल्या बाजूचं दार उघडलं. पलीकडे सूनबाई उभी होती. तिच्या मागे, भिंतीला टेकून, लॅबच्या बाई रडत होत्या.

४

"आत्या, तुम्ही त्या बिस्किटाबद्दल काय लिहिलंत?" सूनबाईने आधी विचारलं.

"कुरकुरीत आहे, पण नुकताच रंग दिलेल्या खोलीत बसून खाल्ल्यासारखं लागतं."

"कुरकुरीत! कागदाने दगा दिला असता तर ते मऊ पडलं असतं, पुठ्ठ्यासारखं लागलं असतं. रंगाचा वास कुठून येईल? माझ्या पाकिटात चिकटवण्याचा गोंद नाही, चकाकी नाही, काही नाही."

"ते मला कळलं गं. पण वासावरून केबिनमधल्या बाई ऐकणार नाहीत. त्यांना खोट हातात घेऊन दाखवावी लागेल." आत्याबाईंनी मान थोडी पुढे केली. "बाई, तुम्ही का रडताय?"

लॅबच्या बाई पुढे आल्या. या बाई बोलण्याआधी नेहमी हात धुवत, आणि आत्ताही त्यांचे हात ओले होते.

"माझ्याकडून काहीतरी झालंय," त्या कुजबुजल्या. "डब्यांवर मी स्टिकर लावते ना गोल. फॉइलच्या डब्याला लाल, कागदाच्या डब्याला हिरवं. सूनबाईंनीच ठरवून दिलंय. आज डबे परत घेतले तर एकावर हिरवं होतं आणि दुसरा कोरा. लाल पडलं असेल म्हटलं, दमट हवेत गोंद सुटतो. हिरवं ज्यावर आहे तो कागदाचा, मग कोरा तो फॉइलचाच. तसं धरून वाट्या मांडल्या. मालक मागेच म्हणाले होते, पुन्हा स्टिकरचा घोळ झाला तर घरी बसा. म्हणून बोलले नाही."

"पडलेलं लाल स्टिकर सापडलं?"

"नाही. खिडकीत शोधलं, जमिनीवर शोधलं, चपलांना चिकटलंय का तेही बघितलं."

"ते डबे द्या इकडे."

डबे खिडकीतून आत आले. लाल उजेडात एकाच्या झाकणावर गोल काळा ठिपका दिसत होता, दुसरा पांढराफटक. आत्याबाईंनी डोळ्यांवर विश्वास ठेवायचं कधीच सोडून दिलं होतं, विम्याच्या पहिल्याच वर्षी. त्यांनी कोऱ्या डब्याच्या झाकणावरून अंगठ्याचं नख फिरवलं. गुळगुळीत. एका जागी मात्र किंचित चिकट. मग ठिपक्याच्या कडेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

नख दोन पायऱ्या चढून वर गेलं.

त्यांनी दोन्ही डबे स्वतःच्या कप्प्यात, पाठीमागे लपवून ठेवले आणि खोलीकडे तोंड केलं.

५

"एकच प्रश्न," आत्याबाई म्हणाल्या. "त्यानंतर सुटका. खिडकीतल्या डब्यांवर कसल्या रंगाचे स्टिकर होते?"

"लाल आणि हिरवं," फॉइलवाला म्हणाला. "नेहमीचेच. यात काय विचारायचं?"

"लाल, हिरवं," मास्तर म्हणाले. "लाल तर इथे दिसतच नाही म्हणा. ते मला कोणी शिकवायला नको."

"शाई भरली का, मास्तर?" फॉइलवाल्याने अशाही वेळी विचारलं.

"सोन्या?"

छोटे मालक सरळ बसले. "काळं," ते म्हणाले. मग बाकीच्या दोघांकडे पाहिलं. "म्हणजे... एकावर काळा ठिपका होता. दुसऱ्यावर काही नव्हतं. बरोबर ना?"

आत्याबाई उठल्या. त्या आपलं स्टूल उचलून चौथ्या कप्प्याशी घेऊन गेल्या आणि भाच्याच्या इतक्या जवळ बसल्या की कप्प्याच्या फळ्यांनी दोघांना बाकी जगापासून तोडलं.

"तुझी बायको घरी या स्टिकरांबद्दल कधी बोलली नाही?"

"बोलली असेल. रोजच काही ना काही बोलते. लेप, कागद, हिरवं, लाल... मी हं हं म्हणतो."

"आज बाकीच्यांपेक्षा लवकर येऊन बसलास."

"हो."

"सोन्या, तू काय केलंस ते मला कळलंय. का केलंस तेवढं सांग."

त्याने दाराकडे पाहिलं. दाराला आतून मूठ नव्हती. त्याने छताकडे पाहिलं. मग पेल्याकडे. पाहायला आणखी काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, "तिला वाचवायला."

"कशापासून?"

"हरण्यापासून. आत्या, बाबा मला रोज म्हणायचे, बायकोला आवर. ती मला रोज म्हणायची, बाबांना सांग. मी मधल्या मध्ये चेंगरलो होतो. वाटलं, डब्यांच्या खुणा बदलल्या की फॉइलचं चांगलं बिस्किट हिच्या नावावर जाईल. ती जिंकेल, बाबा गप्प बसतील आणि मला रात्री शांत जेवता येईल." त्याने डोळे पुसले. "आणि तरीही ती हरली. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही."

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जळालेल्या दुकानांच्या मालकांकडे त्या असंच बघत.

"कळेल," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी दारावर थाप मारली. "अरे, दिवा लाव! पांढरा!"

६

पांढरा दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दारात मालक उभे होते, त्यांच्या मागे सूनबाई आणि लॅबच्या बाई. आत्याबाईंच्या हातात डबा होता. झाकणावरचं स्टिकर आता हिरवंगार दिसत होतं आणि त्याच्या एका बाजूला, नखाच्या कोरीएवढी, लाल कड डोकावत होती.

"एकावर एक, दोन स्टिकर," आत्याबाई म्हणाल्या. "लालवर हिरवं. म्हणजे हा डबा आधी फॉइलचा होता. याला नंतर कागदाचा करण्यात आला. आपण चौघांनी ज्याला नाक मुरडलं ते फॉइलमधलं बिस्किट होतं. आणि जे मिटक्या मारत खाल्लं ते सूनबाईच्या पाकिटातलं."

सूनबाईने चौकट धरली. फॉइलवाल्याने रुमाल तोंडावर धरला.

मालकांना हिशेब चटकन जमत. "म्हणजे बाईंनी घोळ घातला!" ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "दोन्ही स्टिकर एकाच डब्यावर! सुटलो. केबिनमधल्या बाईंना सांगू, लॅबमध्ये चूक झाली, पुन्हा चाखू. आणि बाई, तुम्हाला मी मागेच सांगितलं होतं—"

ही वाट सगळ्यांसाठीच सोयीची होती. तिच्यावरून मालक सुटत होते, सूनबाई सुटत होती, मास्तर आणि फॉइलवाला सुटत होते. अडकत होत्या फक्त लॅबच्या बाई, आणि त्यांना सवय होती. त्या ओल्या हातांनी उभ्या होत्या.

"बाई," सूनबाईने विचारलं, "एकाच डब्यावर दोन लावलेत तुम्ही?"

"नाही हो."

"नाहीच लावले," आत्याबाई म्हणाल्या. "कोऱ्या डब्यावर चिकट गोल आहे, हात लावून बघ. तिथलं हिरवं कोणीतरी सोलून काढलंय. बाईंकडे पांढरा उजेड असतो. पांढऱ्या उजेडात लालवर हिरवं कोण चिकटवेल? हे काम इकडच्या बाजूने झालं, लाल उजेडात, आणि अशा माणसाने केलं ज्याला डब्यावर आधीच लाल स्टिकर आहे हे दिसलंच नाही. त्याला हिरव्याच्या जागी एक काळा ठिपका दिसला, तो त्याने उचलून दुसरीकडे लावला. मी, मास्तर, फॉइलवाला, आम्ही इथे जुने. इथे लाल गडप होतं हे आम्हाला झोपेतही आठवेल. आणि दुसरं सांगते. हे शत्रूने केलेलं नाही. शत्रूंना कागद हरणारच याची खात्री होती, ते आरामात बसले होते. खुणा त्याने बदलल्या ज्याला कागद जिंकायला हवा होता, आणि जिंकणार नाही अशीही खात्री होती."

त्या थांबल्या. नाव त्यांच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ गावातली सगळ्यात नावाजलेली होती. पण त्यांनी ते उच्चारलं नाही. त्या नुसत्या लॅबच्या बाईंकडे बघत राहिल्या.

छोटे मालक उभे राहिले. कप्पा इतका अरुंद होता की उभं राहताना डोकं फळीवर आपटलं.

"मी," ते म्हणाले. "बाईंचा काही संबंध नाही. मी केलं."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं, बरं," मालक दार अर्धवट ओढून घेत म्हणाले. "घरातली गोष्ट घरात ठेवू. त्या बाईंना एवढंच सांगायचं की स्टिकर सुटलं होतं—"

"बाबा, दार सोडा," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण तुझाच नवरा—"

"म्हणूनच. त्या बाईंना खरं सांगितलं तर कदाचित पुन्हा चाखतील. स्टिकर सुटलं म्हणून सांगितलं तर उद्या माझ्या प्रत्येक पाकिटावरचं काहीतरी सुटलेलं असेल. आणि नोकरी या बाईंची जाईल."

"त्या उठून गेल्या तर?"

"जाऊ देत. मग मी घरी बसेन. मी बोलले होते तसं." तिने चौकट सोडली. "पण हरून बसेन. कोणी मला खोटंनाटं जिंकवलं म्हणून कारखान्यात राहणार नाही."

मालक दार धरून उभे राहिले. त्यांना मुलाचा चेहरा दिसत होता आणि काचेपलीकडची केबिन दिसत होती. शेवटी छोटे मालकच पुढे आले, वडिलांचा हात बाजूला केला आणि दार उघडून केबिनकडे चालू लागले.

७

खरेदीवालीने सगळं ऐकून घेतलं. मधेच तिचा फोन वाजला, गाडी आली होती. तिने तो बंद केला.

"तुमच्या पाकिटावर तुमच्या घरच्यांचाही विश्वास नाही," ती सूनबाईला म्हणाली.

"नाही."

"आणि तरी तुम्ही म्हणताय, चाखा."

"हो."

तिने पर्स खाली ठेवली आणि विचारलं, "चूळ कुठे भरायची?"

सीलबंद पाकिटं तिने स्वतः फोडली, डबे स्वतः भरले, खुणा स्वतः केल्या आणि त्या कोणालाही दाखवल्या नाहीत. वाट्या मास्तरांनी, फॉइलवाल्याने आणि आत्याबाईंनी चाखल्या, चौथ्या कप्प्यात बसून तिने चाखल्या. लाल दिवा पुन्हा लागला, दार पुन्हा बंद झालं, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये एक कुटुंब एका बाकावर बसून राहिलं. मधे एक माणूस मावेल एवढी जागा नवरा-बायकोने सोडली होती.

फॉइलवाला पहिला बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्याच फॉइलला वास येतोय," तो मालकांना म्हणाला. "गोंद बदलला मध्यंतरी. स्वस्तातला घेतला. फॉइल काहीच बाहेर जाऊ देत नाही हो, तीच तर तिची जाहिरात. गोंदाचा वासही नाही जाऊ दिला." त्याने बॅग उचलली आणि मग पुन्हा खाली ठेवली. "तुमच्या त्या कागदाची रिळं कोण पुरवतं, सूनबाई? नाही, सहज विचारलं."

खरेदीवालीने माल घेतला, अटीसह. कागदातल्या मालाची दर खेपेला चव बघायची आणि चव बघणाऱ्यांत या घरातलं माणूस एकही नको. या एका वाक्याने छोटे मालक कप्प्यातून सुटले आणि आत्याबाईंची बिस्किटं बंद झाली. न्याय म्हटला की निरपराध माणसाचं थोडं नुकसान व्हायचंच, असं म्हणून त्यांनी शेवटची वाटी पर्समध्ये रिकामी करून घेतली. लॅबच्या बाईंना मालकांनी "तुम्ही बोलायला हवं होतं" असं सुनावलं. त्यांच्या तोंडी ही माफी होती आणि बाईंनी ती तशीच घेतली. मास्तर सूनबाईला गाठून नव्या यंत्रावर आपली चारही माणसं कशी लागतील ते समजावत राहिले, आणि ती ऐकत होती, नुसतं हं हं करत नव्हती.

गाडीपाशी छोटे मालक किल्ली हातात घेऊन उभे होते. आत्याबाई आधीच मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या आणि झोप लागल्याचं नाटक करत होत्या.

"मला वाटलं," तो बायकोला म्हणाला, "हरलीस तर तुला सोसणार नाही."

"मला सोसलं असतं," ती म्हणाली. "तुला सोसलं नसतं."

तिने हात पुढे केला.

"किल्ली दे. मी चालवते."

"या रस्त्याला ट्रक फार असतात गं."

"शेजारी बस. पट्टा लाव. आणि ब्रेक दाबत बसू नकोस, तुझ्या बाजूला ब्रेक नाही."

तो शेजारी बसला. त्याने पट्टा लावला आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. गाडी फाटकातून वळून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा समोरून खरोखरच एक ट्रक आला, आणि त्याचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. अर्ध्या वाटेतच त्याने तो आवरला आणि जड सामान ठेवावं तसा हळूहळू मागे आणून ठेवला. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.